हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आजा पांढरकवड्याला जायचा,
आपण जिवंत आहोत हे सांगायला.
वेचणीचे दिवस. सगळं गाव पऱ्हाटीत वाकलेलं
आणि हा एकटा, धुतलेल्या धोतरावर
पलटणीचा हिरवा स्वेटर चढवून
सातच्या एस्टीसाठी फाट्यावर उभा.
उभा म्हणजे उभा. पारावर टेकायचा नाही.

बँकेत म्हणायचे, काचेवर आंगठा ठेवा.
ठेवायचा.
मशीन लाल व्हायचं.
पुसून ठेवा, काका. फुंकर मारा. दुसरा बघू.
सहाव्या खेपेला तो खिडकीत वाकून म्हणायचा,
'जित्ता हाय ना बाप्पा मी. आखीन कसं सांगू?'
मागची रांग हसायची.
मीही हसले होते, नववीत असताना,
त्याची पिशवी धरून.

नाव उकंडा. उकंडा झिंगुजी भोयर.
आधीची तीन लेकरं राहिली नाहीत म्हणून
पणजीनं ह्याला जन्मल्या दिवशी
सुपात घालून उकिरड्यावर ठेवला
आणि शेजारणीकडून पसाभर जवारीला
विकत घेतला परत.
फेकलेलं पोर कोण नेतं?
भरतीच्या सायबाला ते नाव लिहिता आलं नाही.
कागदावर तो 'उकांडे' झाला.
पंधरा वर्षं पलटणीत, चाळीस वर्षं पेन्शनीत
उकांडेच राहिला.

बंदूक चालवली का विचारलं की म्हणायचा,
'चालोली. चांदमारीत.'
तो खेचरांवर होता.
रस्ता संपतो तिथून पुढं, वर,
रॉकेल, तांदूळ, टपाल;
कधी उतरताना ताडपत्रीत गुंडाळलेलं माणूस.
स्वतःचा नंबर सांगताना अडखळायचा, पुस्तक काढायचा.
खेचराचा मात्र झोपेतून उठवून विचारा:
पाच सात चार एक.
नाव विचारलं तर चिडायचा.
'सरकारी जनावराले नाव नसते.'

पण तान्ह्या पोळ्याला
सगळ्या पोरांचे लाकडी बैल
शिंगं रंगवून मारुतीपुढं रांगेत,
आणि माझ्या दोरीला
लांब कानांचं, बिनशिंगाचं, सागाचं काहीतरी,
खुरावर सळईनं कोरलेले चार आकडे.
'हा कोन्ता बैल वं?'
मी रडत घरी आले.
त्यानं आधी त्या लाकडाच्या तोंडाला पुरण लावलं,
मग मला भरवलं.

एकदाच बोलला. तुरीच्या शेंगा सोलत,
मान वर न करता.
'बरफ होता. पाय घसरला त्याचा.
दोर माह्या हाताले गुंडायेला.
सरसर गेला.'
मग?
'सोडला मी.'
बराच वेळ नुसत्या शेंगा.
'ते खालतून पाहे. मले वाटलं ओरडन.
नाही ओरडलं.'
तेवढ्यात आईनं चहा आणला
आणि तो तुरीच्या भावाचं बोलायला लागला,
आंगठ्यानं बशी पुसत,
गुळगुळीत, बिनरेघांच्या आंगठ्यानं.

आज नोव्हेंबर आहे आणि मी एकटी आले.
मशीन कडेला, रुमालाखाली.
खिडकीतली बाई नवीन.
तिला मृत्यूचा दाखला दिला, पासबुक दिलं.
दोन्ही शेजारी ठेवून ती बोट फिरवत राहिली.
ह्यावर उकंडा, आमच्याकडे उकांडे.
दोन्ही माणसं एकच असल्याचं
प्रतिज्ञापत्र लागेल, ताई. शंभराच्या स्टॅम्पवर.
आणि तोवर?
तोवर आमच्या हिशेबी ते हयात.

मागची रांग हसली नाही. मीच हसले.
शंभर रुपये. पसाभर जवारीच्या मानानं महाग.
बाहेर स्टॅम्पवाल्याचं टेबल होतं, गर्दी नव्हती.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं, काय पायजे म्हणाला.
मी म्हटलं, काही नाही. पुढच्या हप्त्यात येते.

परतीच्या एस्टीला दीड तास होता.
बाकडं रिकामं होतं.
पिशवी तेवढी त्याच्यावर ठेवली.